बोटबिघाड

ढबूच्या वर्कशॉपमध्ये एक शब्द होता, तो गिऱ्हाइकासमोर कोणी उच्चारत नसे. बोटबिघाड. यंत्र ठणठणीत, पाइप ठीक, वायरी ठीक, आणि तरी घर गार पडलंय, याचा अर्थ घरातल्या कुणीतरी नको ते बटण दाबलं. तक्रारीचा फोन आला की मिस्त्री रिसीव्हरवर हात ठेवून "बोट, बोट" असं पुटपुटायचे, आणि बहुतेक वेळा ते खरंही निघायचं. म्हणून तर तो शब्द सगळ्यांच्या तोंडात बसला होता.

ढबू हीट पंप बसवायची. ढबू हे काही खरं नाव नव्हे. लहानपणी गुटगुटीत होती म्हणून आत्यानं ठेवलेलं. पुढे पोरगी काटकुळी झाली, मिस्त्रीण झाली, हाताखाली माणसं आली, पण नाव काही सुटलं नाही. आई लवकर गेली, वडील कायमचे फिरतीवर, तेव्हा तिला वाढवलं आत्यानं, स्वतःच्या मुलाच्या बरोबरीनं. त्या मुलाला ढबू दादा म्हणायची आणि त्याच्याशी भांडायचीही सख्ख्या भावासारखीच.

आत्या नाट्यगृहात कोट सांभाळायची. हिवाळ्यात प्रयोगाला येणारी माणसं आपापले कोट काउंटरवर टाकून आत जात. प्रत्येकाला पितळी टोकन मिळे, पण आत्याला ते बघावं लागत नसे. प्रयोग सुटून माणूस समोर आला की त्याचा कोट तिच्या हातात तयार. एकासारखे एक काळे कोट, पण नोकरी संपेपर्यंत कुणाचा कोट कुणाच्या अंगावर गेला नाही. "टोकन लोकांच्या समाधानासाठी असतं," ती म्हणायची. तिला स्वतःच्या रूपाचा अभिमान नव्हता, हाताच्या चवीचा नव्हता. स्मरणशक्तीचा मात्र होता, आणि तो ती लपवायचीही नाही.

तिच्या घरातला तेलाचा जुना बॉयलर खोकायला लागला, तेव्हा ढबू म्हणाली, "काढून टाक हा म्हातारा. मी तुला हीट पंप बसवून देते."

"तो कुठून आणणार ऊब?"

"बाहेरच्या हवेतून."

"बाहेर थंडीनं दात वाजतात आणि तू तिथून ऊब आणणार? मला काय कुक्कुलं बाळ समजतेस?"

ढबूनं तिला फ्रिजच्या मागे हात लावायला सांगितला. आत्यानं लावला आणि म्हणाली, "गरम आहे."

"आतल्या दुधाभाजीतली ऊब काढून तो मागे टाकतो. हा पंप तेच करतो, फक्त बाहेरच्या हवेचं. गार हवेतसुद्धा ऊब असते आत्या, आपल्याला पुरत नाही एवढंच. पाइपांत एक वायू खेळतो, तो बाहेरच्या थंडीपेक्षाही गार असतो, म्हणून थंडीकडूनसुद्धा ऊब ओढून घेतो. मग कॉम्प्रेसर त्याला दाबतो. दाबला की तो तापतो, आणि ती ऊब तुझ्या रेडिएटरच्या पाण्याला देऊन मोकळा होतो. विजेनं ऊब तयार करायचीच नाही, नुसती उचलून आणायची. म्हणून एक भाग वीज घातली की तीन भाग ऊब घरात येते."

"म्हणजे हमाल आहे."

"हमालच. आणि उन्हाळ्यात उलटा चालतो. घरातली ऊब उचलून बाहेर टाकतो, की घर गार."

"मग जमेल आमचं," आत्या म्हणाली. "मी तरी कुठे कोट शिवले? इकडचे तिकडेच केले."

उन्हाळ्यात पंप बसला. ढबूनं स्वतः बसवला, हाताखालच्या कुणाला पाइपालाही हात लावू दिला नाही. घरातल्या बोळात, पुढच्या दाराजवळ, बटणांचं पॅनेल लावलं आणि आत्याला समोर उभं करून बजावलं, "बॉयलरसारखं भडकून पेटणं याला जमत नाही. संथ चालतो, म्हणून तर कमी खातो. रेडिएटर चटका देणार नाहीत, कोमट लागतील, घाबरायचं नाही. दिवसरात्र चालू ठेवायचा. बंद करून परत चालू केलास की घर तापवताना बिचाऱ्याचा दम निघतो. तेव्हा हात लावायचा नाही."

"नाही लावत बाई," आत्या दोन्ही हात पाठीमागे नेत म्हणाली.

तिची तक्रार एकच होती. बाहेरचं युनिट स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर आलं होतं. "भांडी घासताना समोर तो पंखा दिसतो. कुणीतरी डोळे वटारून बघतंय असं वाटतं." लगेच ढबू लाकडाच्या पट्ट्या घेऊन हजर. सुट्टीचा अख्खा दिवस घालवून तिनं युनिटभोवती एक सुबक पेटी उभी केली, पॉलिश केलं, वर दोन कुंड्या ठेवल्या. पट्ट्यांमध्ये फटी ठेवल्या, पण अरुंद, कारण रुंद फटी दिसायला गचाळ दिसत होत्या. गिऱ्हाइकांना ती घसा कोरडा करून सांगायची, युनिटच्या तोंडासमोर जागा मोकळी सोडा. पण घरच्या माणसाचं काम म्हटलं की आपण आपल्याच नियमांना सवलत देतो. आत्यानं शेजारपाजारच्यांना बोलावून ती पेटी दाखवली.

शरद ऋतू संपेपर्यंत सगळं झकास होतं. मग कडक थंडी पडली आणि फोन सुरू झाले.

"ढबू, सकाळी घर गार होतं गं."

ढबूनं मोबाइल उघडला. पंप तिच्या मोबाइलला जोडलेला होता. चालू की बंद, एवढं तिथं दिसायचं. का बंद पडला हे बघायचं तर पॅनेलपाशी जावं लागे, आणि आत्याचं घर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. मोबाइलवर अक्षरं होती: बंद. दुपारी पाहिलं तर चालू.

"आत्या, तू बटण दाबलंस."

"नाही गं."

"मग काय भुतानं दाबलं?"

दोघी हसल्या. पण थंडी वाढली तसं ते रोजचंच झालं. पहाटे बंद, ऊन चढलं की चालू. ढबूच्या कामाचे तेच दिवस धावपळीचे. आत्याचा फोन यायचा तेव्हा ती कुणाच्या तरी माळ्यावर ओणवी झालेली असायची. एकदा वाट वाकडी करून गेलीसुद्धा, पण भरदुपारी. पंप गुणगुणत होता, रेडिएटर कोमट होते. पॅनेलमध्ये मागचं काय नोंदलंय ते तिनं उघडूनही पाहिलं नाही. उघडायचं कशाला, उत्तर माहीतच होतं ना! "बघ, काही झालेलं नाही," ती म्हणाली. "झोपेत उठतेस, बॉयलरची सवय, हात जातो. कबूल कर ना."

आत्यानं पॅनेलकडे बघितलं. मग म्हणाली, "दाबलं असेन."

आणि ढबूला, खरं सांगायचं तर, बरं वाटलं. वाद जिंकल्यावर वाटतं तसं.

त्याच आठवड्यात दादाचा फोन आला. आईला खोकला झालाय, घर गार असतं म्हणते, तुझं यंत्र चालत नाही का? यंत्रावर बोट ठेवलेलं मिस्त्रीला खपत नाही. ढबू फणकाऱ्यानं म्हणाली, "यंत्राला काही झालेलं नाही. आत्या रोज रात्री बंद करते आणि सकाळी तिला आठवत नाही. तिच्याकडेच बघ जरा." ती हे सहज बोलून गेली. दादा मात्र सहज घेणारा माणूस नव्हता. तो आईला डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी काय काय विचारलं. पूर्वी आत्यानं त्यांना त्यांच्या वडिलांच्या कोटाची बटणं सांगितली असती. आता ती प्रत्येक प्रश्नाला म्हणाली, "नक्की नाही सांगता येणार." डॉक्टरांनी मान हलवली. दादानं वृद्धनिवासात खोली ठरवली, घर विकायचं ठरवलं, आणि आत्यानं कशालाच हरकत घेतली नाही.

सामान बांधायला म्हणून ढबू जायच्या आदल्या संध्याकाळी मुक्कामाला गेली. दारातून आत शिरली तर बोळात कोटांचं मोठं कपाट आडवं आलं. भिंतीला, अगदी पॅनेलवर, टेकवलेलं.

"हे इथे कुठे आणलंस?"

"शेजारच्या दोघांकडून सरकवून घेतलं, झाले बरेच दिवस," आत्या म्हणाली. "रात्री उगाच हात जायला नको. तुझ्या यंत्राला त्रास."

'बरेच दिवस' म्हणजे किती, हे ढबूनं विचारलं नाही. उलट मनात म्हणाली, बरं झालं, निदान आज तरी घर गरम राहील. दोघींनी कपबश्या कागदात गुंडाळल्या. आत्या प्रत्येक खोकं बंद करायच्या आधी विचारायची, "यात काय घातलं गं मी?" ढबू सांगायची. मग आत्या मान डोलवायची, कामावर आलेल्या नवीन मुलीनं डोलवावी तशी.

उजाडायच्या सुमारास ढबूला जाग आली ती थंडीनं. नाकाचा शेंडा बधिर झाला होता. रेडिएटरला हात लावला, तर गार. मोबाइल उघडला. बंद.

ती तशीच बोळात गेली. कपाट जागच्या जागी होतं. तिनं कपाटामागे हात घालायचा प्रयत्न केला. बोटं शिरली, तळवा शिरेना. खांदा लावून कपाट ढकललं, ते तसूभरही हललं नाही. आत्याच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आत्या पलंगावर बसली होती, अंगात कोट, डोक्याला रुमाल, आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवलेले. ढबूला बघून ती घाईघाईनं म्हणाली, "मी नाही उठले गं आज. खरंच नाही उठले. म्हणजे, मला तरी तसंच वाटतंय."

ढबू पायात बूट सरकवून मागच्या दारानं बाहेर पळाली.

पेटीवरच्या कुंड्या बाजूला करून तिनं फटीतून टॉर्च मारला. आत पांढरंशुभ्र. युनिटच्या जाळीवर बर्फाचा थर, पंख्याची पाती त्यात रुतलेली. कारण शोधावं लागलं नाही. पंप हवेतली ऊब काढून घेतो आणि गारठलेली हवा पुढे फेकतो. ती हवा निघून जायला हवी. इथं ती पट्ट्यांवर आपटून परत येत होती आणि पंप तीच हवा पुन्हा ओढत होता, आधीच पिळून घेतलेली. जाळीवर बर्फ धरायचा. तो वितळवायला पंप उलटा फिरायचा, म्हणजे घरातलीच ऊब बाहेर आणायचा. पुन्हा बर्फ, पुन्हा उलटा. शेवटी हात टेकून बंद पडायचा. ऊन पडलं, बर्फ सुटला, की आपोआप चालू.

हे तिला माहीत होतं. पहिल्या वर्षाच्या शिकाऊ पोराला ती हेच शिकवायची. तिच्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या युनिटसमोर मोकळी जागा होती. फक्त आत्याच्या युनिटसमोर नव्हती, आणि ती पेटी तिनं स्वतःच्या हातानं, शीळ घालत बनवली होती. आत्यानं एकदाही बटण दाबलं नव्हतं. एकदाही नाही. ती खरं बोलत होती आणि ढबूनं तिला, हसत हसत, खोटं पाडलं होतं, इतक्या वेळा की शेवटी तिनं स्वतःलाच खोटं मानलं. ढबूला तिथल्या तिथे जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

आणि तेवढ्यातही, किती लाजिरवाणं आहे बघा, तिच्या मनात आलं की पेटी गुपचूप काढून टाकावी. पंप चालेल, घर तापेल, म्हणता येईल सेटिंग बदललं. कोणाला कळणार होतं? वर्कशॉपमध्ये तोंड दाखवायची सोय राहील. हा विचार तिनं कितीतरी वेळ हातातल्या टॉर्चसारखा घट्ट धरून ठेवला. मग गाडीतून पहार आणली आणि पट्ट्या उपटायला सुरुवात केली. पॉलिश केलेलं लाकूड कडाकड मोडत होतं.

आवाजानं आत्या चहाचा कप घेऊन दारात आली. "अगं, अगं! इतकी सुरेख पेटी!"

"आत्या, या पेटीमुळे पंप बंद पडत होता. मी बनवली, मी चुकले. तू बटण दाबत नव्हतीस. कधीच दाबलं नाहीस."

आत्यानं कप तिच्या हातात दिला. तिचा चेहरा मऊ झाला, पण ढबूला हवा होता तसा नाही.

"लहानपणीही असंच करायचीस तू," ती म्हणाली. "दादानं बरणी फोडली की 'मी फोडली' म्हणून पुढे यायचीस. त्याला मार बसू नये म्हणून."

"या वेळी बरणी मीच फोडली आहे, आत्या. बघ ना, इथे बघ. हा बर्फ बघ."

आत्यानं वाकून बर्फ बघितला. "हो गं, आहे खरा," ती म्हणाली आणि ढबूच्या पाठीवरून हात फिरवला. "नको वाईट वाटून घेऊस. मला काही त्या खोलीत जायचं वाईट वाटत नाहीये."

ढबूला रडू फुटलं. तिला शिव्या हव्या होत्या. 'गधडे, मला वेडी ठरवलंस' असं आत्यानं म्हणावं आणि एक ठेवून द्यावी, असं तिला मनापासून वाटत होतं. पण त्यासाठी आधी आत्याचा स्वतःवर विश्वास असायला हवा होता, आणि तोच तर तिनं काढून घेतला होता.

दादा गाडी घेऊन आला तेव्हा ढबूनं त्याला अंगणातच गाठलं आणि सगळं सांगितलं, काही हातचं न राखता. तो आधी मोडलेल्या पट्ट्यांकडे बघत राहिला, मग आत जाऊन त्यानंही कपाटामागे हात घालून पाहिला. हात बाहेर काढून तो खोक्यावर बसला.

"तुझ्या शब्दावर मी तिला डॉक्टरकडे नेलं," तो म्हणाला.

"हो."

"मी तिला एकदाही विचारलं नाही. तू सांगितलंस आणि मी धरून चाललो." त्याला ओरडायचं होतं, पण ओरडायचा हक्क अर्धाच उरला होता, आणि ते त्यालाही कळत होतं. तो उठून वृद्धनिवासाला फोन लावायला बाहेर गेला. परत येऊन आईसमोर उकिडवा बसला. "आई, कुठे जायचं नाही. तू काही विसरत नव्हतीस. चूक आमची होती."

"बरं," आत्या म्हणाली. हट्टी मुलाला म्हणावं तसं.

खोकी परत उघडली. कपाट जागेवर नेलं. ढबूनं पॅनेल उघडून मागच्या नोंदी पाहिल्या. प्रत्येक पहाटेसमोर एकच कारण होतं, बर्फ. तिनं ते आत्याला वाचून दाखवलं. आत्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे यंत्र चुकत नाही ना कधी?" मग ढबूनं वर्कशॉपमध्ये सगळ्यांदेखत ही हकिगत सांगितली. त्या दिवशी कोणी हसलं नाही. फोनवर बोट म्हणायचं त्यांनी बंद केलं, निदान ती समोर असताना तरी.

घर लवकरच तापलं. थंडी कमी व्हायचं नाव घेत नव्हती, पण पंप एकदाही थांबला नाही. आत्याचा खोकला गेला. डॉक्टर म्हणाले, घाई नको, वसंतात पुन्हा बघू. ढबूला वाटलं, आता सगळं मूळपदावर येईल.

फोन मात्र रोज यायचा. "ढबू, मी दार लावलं का गं?" किंवा, "औषध घेतलं का मी?" ढबू म्हणायची, "आत्या, मला इथून कसं दिसेल? तूच बघ." पलीकडून पावलांचा आवाज यायचा, मग, "लावलेलं दिसतंय." कधी ढबू मुद्दाम विचारायची, नाट्यगृहातल्या त्या उंच माणसाचा कोट कसा होता गं, तो खोकत यायचा तो? आत्या "काळा असावा," म्हणायची, आणि पुढे लगेच, "पण तू माझ्या बोलण्यावर जाऊ नकोस."

एका संध्याकाळी ढबू काम आटोपून गाडीत बसत होती, तेव्हा फोन आला.

"ढबू, कामात आहेस का?"

"नाही, बोल."

"घर मला उबदार वाटतंय. कोट काढून ठेवलाय मी. पण तू तुझ्या मोबाइलवर एकदा बघ ना. खरंच आहे का उबदार?"

ढबू म्हणाली, "आत्या, तुला वाटतंय ना? मग आहे. रेडिएटरला हात लाव आणि तूच मला सांग."

पलीकडून पावलांचा आवाज आला. मग आत्या हळूच म्हणाली, "कोमट आहे. म्हणजे मला तसं लागतंय. तू बघ ना गं."

ढबूनं मोबाइल कानापासून दूर धरला आणि बघितलं.

"चालू आहे, आत्या," ती म्हणाली. "घर उबदार आहे."

"हं," आत्या म्हणाली, आणि मोठ्या समाधानानं सुस्कारा टाकला. "मग बरोबर आहे."